सपाट मुलखातील गावाभोवती माउंटन बाइकच्या वाटा कशा आखाव्यात?

प्रश्न

आमच्या गावाभोवतीचा सारा प्रदेश सपाट आहे. क्षितिजापर्यंत शेते, त्यांच्यामधून जाणाऱ्या गाडीवाटा, एक कालवा आणि त्याचा साधारण चार मीटर उंचीचा भराव, बंद पडलेली एक जुनी खाण आणि सुमारे दोन हेक्टरांची झाडी, एवढेच आमचे भूगोलाचे भांडवल आहे. आम्ही पाच-सहा जण नियमित माउंटन बाइक चालवतो. परंतु गाडीवाटांवरून सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन परत येणे, यापलीकडे आमची मजल गेलेली नाही. झाडीच्या मालकाने तेथे वाट तयार करण्यास तोंडी संमती दिली आहे. उंचीच नसलेल्या जमिनीवर चालवण्यात रंगत येईल अशी वाट खरोखर आखता येते का, की डोंगराळ भागात राहणाऱ्यांनीच हा नाद करावा? सुरुवात झाडीपासून करावी, खाणीपासून की कालव्याच्या भरावावरून, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

सुरुवात झाडीपासूनच करा. डोंगरावरच्या वाटेत उतार तुम्हाला वेग देतो आणि वाट तो वेग खर्च करायला लावते. सपाट जमिनीवर वेग तुमच्या पायांतून येतो, म्हणून तो वाया घालवणारी प्रत्येक चूक चालवणाऱ्याला लगेच जाणवते. वळणांची आखणी येथे सर्वांत महत्त्वाची ठरते, ती याच कारणाने. लांब सरळ पट्ट्यानंतर अचानक काटकोनात वळण आले, तर प्रत्येक जण तेथे ब्रेक दाबतो, चाक घसरते, माती उखडते आणि महिन्याभरात त्या जागी खड्डा पडतो. त्याऐवजी वळणे हळूहळू घट्ट होत गेली आणि हळूहळू सैल होत गेली, तर ब्रेकला हात न लावता संपूर्ण फेरी पूर्ण करता येते. सपाट वाटेची माझी कसोटी तीच आहे.

दोन हेक्टर म्हणजे वीस हजार चौरस मीटर. वाटेचे शेजारशेजारचे पदर सरासरी दहा मीटर अंतरावर ठेवले, तर त्या झाडीत सुमारे दोन किलोमीटर लांबीची वाट बसते. पदर पाच मीटरांवर आणून ती चार किलोमीटर करण्याचा मोह होईल, पण तो टाळा. शेजारचा पदर डोळ्यांना दिसू लागला की लोक मधून आडवी वाट पाडतात आणि सगळी आखणी मोडीत निघते. वाटेची रुंदी साठ ते नव्वद सेंटीमीटर पुरेशी आहे. वळण शक्यतो एखाद्या झाडाला किंवा दाट झुडपाला वळसा घालून न्यावे, म्हणजे ते का आहे हे चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही आणि आतून कापून जाण्याची सोयही उरत नाही. आखणी करताना फावडे घरीच ठेवा. आधी फिती बांधून ती वाट आठ-दहा वेळा चाला, मग सायकलवरून हळू फिरा, आणि जेथे सायकल आपोआप बाहेर जाऊ पाहते तेथे फीत हलवा.

प्रतिसाद २

वळणांबद्दल वर जे लिहिले आहे ते योग्यच आहे. मात्र त्यात पाण्याचा उल्लेख नाही, आणि सपाट वाटा बिघडतात त्या वळणांमुळे कमी आणि पाण्यामुळे अधिक. उतारावर वाट थोडी बाहेरच्या बाजूला झुकवली की पावसाचे पाणी ती ओलांडून निघून जाते. सपाट जमिनीवर पाण्याला जायला जागाच नसते. शिवाय चाकांखाली माती दबते, काही बाजूला फेकली जाते, आणि एका हंगामात वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा काही सेंटीमीटर खाली जाते. एवढे झाले की ती वाट पाट बनते. मग डबके साचते, लोक डबक्याच्या कडेने जातात, कडांचाही चिखल होतो, आणि साठ सेंटीमीटरांची वाट पाहता पाहता तीन मीटर रुंद होते.

यावर उपाय आहे, पण तो कष्टाचा आहे. जेथे जमीन थोडीही खोलगट असेल, तेथे वाट मुळातच आजूबाजूपेक्षा पंधरा-वीस सेंटीमीटर उंच बांधावी आणि तिचा मध्य किंचित फुगीर ठेवावा. त्यासाठी लागणारी माती वाटेच्या शेजारीच खड्डे घेऊन काढावी. असे केल्याने दोन कामे एकदम होतात: वाटेला माती मिळते आणि पावसाच्या पाण्याला उतरायला खड्डा मिळतो. खड्डे वाटेच्या कडेला अगदी चिकटून मात्र घेऊ नका, नाहीतर कड ढासळेल. पालापाचोळा आणि वरचा काळा कुजका थर भरावात वापरू नये. तो पाणी धरतो आणि पायाखाली स्पंजासारखा दबतो. खालची खनिज माती घ्या, थरावर थर ओलसर असताना ठोकून बसवा. चिकणमाती फारच असेल, तर पावसानंतर वाट कोरडी होईपर्यंत बंद ठेवण्याचा नियम पहिल्या दिवसापासून सर्वांनी मान्य केलेला बरा. आणि डबके दिसलेच, तर त्याच्या मधून जावे, कडेने जाऊ नये. सायकल धुता येते, रुंदावलेली वाट परत अरुंद करायला वर्षे लागतात.

प्रतिसाद ३

प्रश्नकर्त्यांनी कालव्याच्या भरावाचा उल्लेख केला आहे, म्हणून तेवढ्याच मुद्द्यावर लिहितो. चार मीटरांचा चढ पंचवीस वेळा चढला की शंभर मीटर चढाई होते, हा हिशेब सपाट भागातल्या प्रत्येक सायकलस्वाराने कधी ना कधी केलेला असतो. मीही केला होता. पण भराव टिकून राहतो तो त्याच्यावरच्या गवताच्या मुळांमुळे. एकाच रेषेत वर-खाली सायकली गेल्या की गवत मरते, उघड्या मातीत पावसाने चर पडतो, आणि तो चर दर पावसात खोल होत जातो. पाणी अडवणाऱ्या बांधाच्या बाबतीत ही गोष्ट केवळ सौंदर्याची राहत नाही. भरावाच्या माथ्यावरची गाडीवाट वापरण्याची परवानगी असेल तर ती जरूर वापरावी, ती झाडी आणि खाण यांना जोडणारा दुवा म्हणून उत्तम ठरेल. परंतु उताराच्या अंगावर वाट पाडू नये, ज्यांच्या ताब्यात कालवा आहे त्यांनी लेखी होकार दिला असेल तरच त्याचा विचार करावा. झाडीच्या मालकाची तोंडी संमतीही कागदावर आणा. कोणी पडले तर जबाबदारी कोणाची, वाट नको वाटली तर ती कशी मिटवायची, पक्ष्यांच्या विणीच्या काळात कोणता भाग बंद ठेवायचा, हे तिघा-चौघांसमोर एकदा लिहून झाले की पुढचे वाद टळतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. पाण्याचा मुद्दा आमच्या ध्यानातही आला नव्हता. झाडीचा उत्तरेकडचा कोपरा पावसाळ्यात ओला राहतो, त्यामुळे तो भाग आता आखणीतून वगळतो आहोत. भरावाचा बेतही सोडला. खाणीबद्दल मात्र उत्सुकता कायम आहे. ती सुमारे सहा-सात मीटर खोल आहे, एका बाजूला उभा कडा आणि तळाशी थोडे पाणी. तसेच, मुलांसाठी पंप ट्रॅक, म्हणजे मातीच्या उंचवट्यांची आणि उंच कडांच्या वळणांची छोटी फेरी, करावा असे काहींचे म्हणणे आहे. त्याला माती किती लागते?

प्रतिसाद ४

खाणी ही सपाट मुलखाची खरी दौलत आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा सर्वोच्च बिंदू जेमतेम १०५ मीटर आहे, तरीही तेथे ओकालाजवळच्या सँटोस परिसरात चुनखडीच्या जुन्या खाणींमध्ये माउंटन बाइकच्या नावाजलेल्या वाटा आहेत. नेदरलँड्सच्या द्रेंथ प्रांतात तर कचऱ्याच्या भरावातून झालेली टेकडी सायकलपटूंचा चढ म्हणून वापरात आहे. सपाट देशांतल्या लोकांनी माणसाने खणलेल्या आणि माणसाने रचलेल्या जागाच हाताशी धरल्या आहेत. तुमच्या खाणीत आधी कड्याची पाहणी जाणकाराकडून करून घ्या. कड्याच्या पायथ्याशी आणि माथ्याच्या कडेला, दोन्ही ठिकाणी वाट नको. सैल दगड केव्हा सुटेल हे सांगता येत नाही. पाण्याच्या दिशेने उतरणारे वळणही नको. उरलेल्या मंद बाजूवरून वाट नागमोडी खाली उतरवा आणि दुसऱ्या बाजूने वर आणा. एक ढोबळ नियम लक्षात ठेवा: वाट ज्या उतारावरून आडवी जाते, त्या उताराच्या निम्म्याहून अधिक चढ वाटेला नसावा, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेवरूनच वाहू लागते.

पंप ट्रॅकचा हिशेब सोपा आहे. दोन उंचवट्यांच्या माथ्यांमधील अंतर उंचीच्या साधारण दहापट ठेवतात. म्हणजे तीस सेंटीमीटर उंचीला तीन मीटर अंतर. दीड मीटर रुंदी धरली, तर अशा एका उंचवट्याला सुमारे पाऊण घनमीटरापेक्षा थोडी कमी, म्हणजे अंदाजे एक टन माती लागते. वीस उंचवट्यांना वीस टन, आणि कडेच्या उंच वळणांची माती वेगळी, ती कमी नसते. फावड्याने हे काम होत नाही असे नाही, पण ज्यांनी ते केले आहे ते दुसऱ्यांदा यंत्र मागवतात.

पंप ट्रॅक फक्त मुलांचा म्हणून सोडू नका. पायडल न मारता, केवळ हातापायांनी सायकल दाबत आणि सोडत वेग राखण्याची सवय तेथे लागते, आणि तुमच्या झाडीतल्या सपाट वळणांवर हेच कौशल्य कामी येते. डोंगरात ही उणीव उतार झाकतो.

प्रतिसाद ५

सायकलविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. अशा वाटांना मागे सस्पेन्शन असलेली जड सायकल लागत नाही. हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली आणि पुढे शंभर मिलिमीटर दबणारा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) असलेली सायकल, पुष्कळ झाली. टायर ट्यूबलेस करा आणि त्यातले सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) काही महिन्यांनी तपासत जा, कारण शेताच्या कडेला काटे असतात आणि वाळलेले सीलंट कामाचे राहत नाही. हवेचा दाब मध्यम वजनाच्या व्यक्तीसाठी वीस ते पंचवीस पीएसआयच्या (पंपावरील दाबाच्या एककाच्या) दरम्यान ठेवून पाहा. गाडीवाटेवर तो कमी वाटेल, पण झाडीतल्या वळणावर पकड मिळेल. रेताड पट्टा लागला तर वजन मागे घ्या, हलक्या गिअरमध्ये पाय थांबवू नका आणि हँडल घट्ट धरून चाकाशी भांडू नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

येत्या रविवारी फिती बांधायला सुरुवात करत आहोत. खाण कोरड्या हंगामात पाहू. वळणे डावी-उजवी सम प्रमाणात यावीत म्हणून आठच्या आकड्यासारखी फेरी काढण्याचा विचार आहे. मध्यभागी जेथे दोन्ही पदर एकमेकांना छेदतात तेथे टक्कर होऊ नये यासाठी कोणी काही वेगळे केले असल्यास कृपया लिहावे.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

छेद देऊच नका. दोन्ही फेऱ्या मध्यभागी एकमेकींना टेकवा आणि तेथून वीसेक मीटर एकच वाट सर्वांना एकाच दिशेने चालवू द्या, मग फाटा फोडा. फाटा फुटण्याच्या आधी वाट जरा अरुंद आणि वळणदार ठेवलीत, तर वेग आपोआप उतरतो आणि पाटी लावण्याची गरज पडत नाही. डावी-उजवी वळणे सारखी हवी असतील, तर ती प्रत्येक फेरीच्या आतच नागमोडी घेऊन मिळवा.