बोलणं येईपर्यंत थांबायचं की आत्ताच हाताच्या खुणा शिकवायच्या?

कळंब्याची आई
माझं मत सरळ सांगते, पटत नसेल तर मोकळेपणानं लिहा. ऑटिझम असलेलं लहान पोर बोलत नसेल तर त्याला चार साध्या खुणा लगेच शिकवाव्यात, 'बोलेल की, जरा दम धर' म्हणत वर्षं घालवू नयेत. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, शब्द एकही नाही. कानाची बेरा टेस्ट झालीये, ऐकायला नीट येतं. थेरपिस्टनी 'अजून', 'पाणी', 'बास', 'मदत' एवढ्याच खुणा सुचवल्या तर घरात वादावादी सुरू, सासूबाई म्हणतात पोराला मुकं करून ठेवतीस काय, दीर म्हणतात सवय लागली की तोंड उघडणारच नाही. पण आत्ता काय चाललंय ते बघा ना. जेवताना वाटीतलं दही संपलं की हा ताटावर डोकं आपटतो, आम्ही भाकरी पुढं करतो, दूध देतो, शेवटी मोबाईल देतो, आणि त्याला दहीच पाहिजे असतं. मागायचा कुठलाच मार्ग न देता पोराला 'हट्टी' म्हणायचं, हे मला पटत नाही.

उचगावचे काका
ताई राग मानू नका, पण सासूबाईंचं अगदीच चूक न्हाई. आमच्या भावकीत एक पोरगं पाचव्या वर्षी बोलाय लागलं, कारण तोंडानं मागितल्याबिगर कोण काय देत नव्हतं. खूण केली की मिळतंय म्हटल्यावर जीभ कशाला हलवंल? आणि घरात तुम्हाला कळंल ओ, केएमटीच्या बसमध्ये, दुकानात, शाळेत कुणाला कळणार हाय? लोक मुका समजून बाजूला काढतील.

स्पीचवाली
मी स्पीच थेरपीचंच काम करते म्हणून लिहिते. काका, तुमची भीती मला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या आजी-आजोबांकडून ऐकायला मिळते आणि ती पोराच्या मायेपोटीच असते. पण साधं बघा, सगळीच बाळं बोलायच्या आधी हातानं बोलतात, टाटा करतात, कडेवर घ्यायला हात वर करतात, बोट दाखवतात, आणि त्यानं कुणाचं बोलणं अडलेलं नाही. ऑटिझममध्ये हे बोट दाखवणंच बऱ्याचदा उशिरा येतं किंवा येत नाही, म्हणून ते मुद्दाम शिकवायला लागतं. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून तपासले, खुणा, चित्रं वगैरे शिकवलेल्या 27 जणांपैकी 89 टक्के जणांचं बोलणं वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं, कमी कुणाचंही झालं नाही. आणि शब्द यायला लागला की पोर बऱ्याचदा खूण आपोआप सोडतं, कारण तोंडानं मागणं जास्त पटकन होतं.

रंकाळ्याचा बाप
89 टक्के सांगताय तर पुढचं पण सांगा ना मॅडम. ती वाढ बहुतेकांची थोडीथोडकीच होती आणि त्यात सगळेच ऑटिझमवाले नव्हते. 2008 ला श्लॉसर आणि वेंट यांनी फक्त ऑटिझमचे अभ्यास बघितले, त्यातही बोलणं अडत नाही हे आलं, पण फार मोठी वाढही दिसली नाही. मी विरोधात नाही, फक्त आईबापाला खोटी आशा लागू नये.
माझं म्हणणं वेगळंच आहे. मार्ग द्यायचाच तर खुणा नको, चित्रं द्या. आमच्या पोरीला नक्कल करणंच जड जायचं, बोटं जुळायची नाहीत, सगळ्या खुणांची शेवटी एकच टाळी व्हायची आणि आम्ही परत अंदाज बांधत बसायचो. मग भडंगच्या पुडीचा फोटो कार्डावर चिकटवला, तो तिनं आजोबांच्या हातात नेऊन दिला, आजोबांना काही शिकवावं लागलं नाही. चित्र देऊन वस्तू घ्यायची ही पद्धत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये अमेरिकेत काढली, पेक्स म्हणतात. मोबाईलवर आयआयटी मुंबईचं जेलो ॲप आहे, मराठीत आहे. खूण हवेत विरून जाते, कार्ड समोर राहतं.

कळंब्याची आई
दादा, आजोबांचा मुद्दा पटला. पण आमचा तर एका जागी थांबतच नाही, धावतच असतो, रंकाळ्यावर गर्दीत मी पिशवीतून कार्डांची वही काढेपर्यंत तो खाली लोळण घेतलेला असतो. आंघोळीला वही कुठं ठेवू? हात कायम बरोबर असतात. आणि टाळ्या, टाटा याची नक्कल तो करतो, म्हणून तर थेरपिस्टनी खुणा सुचवल्या.

स्पीचवाली
बरोबर, नक्कल जमते का हे आधी बघायचंच. जमत नसेल तर दादांसारखं चित्राकडं जायचं, आणि दोन्ही एकदम ठेवलं तरी चालतं. दादांनी आकड्यांबद्दल सांगितलं तेही खरं आहे, बोलणं येईलच असं वचन कुणी देऊ नये. माझा भर रोजची रडारड कमी होण्यावर आहे.
फक्त ताई, सुरुवात 'अजून'नं करू नका. पोराला एकदा कळलं की 'अजून' केलं की काहीतरी मिळतं, तर ते झोका, पाणी, टीव्ही सगळ्याला तेच करत बसतं, तुम्ही परत तिथंच. आधी 'दही'च घ्या, एकच. वाटीत चमचाभर वाढा, दुसरा चमचा त्याला दिसेल असा धरा, 'दही' म्हणत खूण करून दाखवा आणि थांबा. थांबणंच अवघड जातं, घरचे लोक मध्येच 'बोल बाळा, बोल' सुरू करतात. हात दाबून खूण करवून घेऊ नका, मागून कोपराला हलकासा आधार, त्यानं झटकलं की सोडा. वाकडीतिकडी खूण आली तरी दही लगेच द्यायचं. शब्द मात्र प्रत्येक वेळी तोंडानं म्हणायचाच, मुकेपणानं खुणा करायच्या नाहीत, सासूबाईंना हे आवर्जून सांगा. खुणा मनानं बनवण्यापेक्षा भारतीय सांकेतिक भाषेतल्या घ्या, दिल्लीच्या आयएसएलआरटीसी संस्थेचा व्हिडिओ शब्दकोश आहे, त्यात 10,000 शब्द आहेत. हातांना जड जाणारी खूण सोपी केली तरी चालेल.

उचगावचे काका
हे तोंडानं पण म्हणायचं ते आधी सांगितलं असतं तर मी एवढं बोललोच नसतो. तरी शाळेचं काय? बाई म्हणणार आमच्याकडं चाळीस पोरं हाईत, हे कोण शिकणार.

रंकाळ्याचा बाप
काका, बाई तसं म्हणतातच, आम्हाला एका शाळेनं 'आधी बोलायला शिकवून आणा' म्हणून परत पाठवलं होतं. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संवाद' म्हणजे काय ते दिलंय, त्यात सांकेतिक भाषा, खुणा आणि बोलण्याला पूरक-पर्यायी साधनं सगळं येतं, आणि ऑटिझम त्यातल्या 21 प्रकारांत आहे. भांडायला जाऊ नका, ताईंनी एक पान करून द्यावं: खुणेचा फोटो, खाली अर्थ, आणि त्यानं ती केली की काय द्यायचं. पाच खुणा बाईंना पाठ होतात, मदतनीस मावशींना तर त्याआधी.

उचगावचे काका
पान द्यायचं पटलं. जिभेचं अजून न्हाई पटलं, पर तीन-चार महिन्यांनी पोरगं कसं हाय ते लिहा ताई, आवाज वाढला का कमी झाला, दोन्ही लिहा. मी वाट बघतोय.