शाळेच्या नाणे-प्रदर्शनात बिटकॉइन ठेवायचंय, पाटीवर काय लिहू?

शिवराई_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमच्या शाळेत नाण्यांचं प्रदर्शन आहे. वडिलांनी जन्मभर जमवलेल्या शिवराया, भोकाचे पैसे, ढब्बू पैसे सगळं मांडणार आहे. सातवीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, शेवटच्या टेबलावर बिटकॉइन ठेवूया की!" बिटकॉइन म्हणजे संगणकावरचा पैसा, एवढंच मला ठाऊक, पण कल्पना पटली. साडेतीनशे रुपयांना ऑनलाइन एक मागवलं. पिवळंधमक, वर मोठा बी, प्लास्टिकच्या डबीत. विकणाऱ्यानं 'म्युझियममध्ये असतं तेच' असं लिहिलं होतं. गुजरीतल्या ओळखीच्या सोनारकाकांना दाखवलं, तर त्यांनी फक्त लोहचुंबक जवळ नेलं आणि ते टपकन चिकटलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं बिटकॉइनचं टोकन मांडलंय, असं वाचलं होतं. ते वेगळं असतं का? पोरांना खोटं सांगायचं नाही मला.

कळंब्याचा_दादा
ताई, 'शोभेची वस्तू' एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. पण एक विनंती, यात पैसे गुंतवा असा अर्थ कुणी काढणार नाही हे बघा. आमच्या गल्लीत एका भामट्याच्या नादी लागून दोन घरांनी ठेवी मोडल्यात.

पंचगंगा_घाट
मॅडम, दादांची काळजी रास्त आहे. पण या वस्तूमागची गोष्ट पोरांपर्यंत पोचायलाच हवी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडचं नाणं म्हणजे नुसता धातू, त्यात पैसा कधी नव्हताच. संग्राहक जीव टाकतात ती खरा बिटकॉइन भरलेली 'कॅसेशियस' नाणी. अमेरिकेत युटा राज्यातल्या माइक कॉल्डवेल यांनी ती २०११ पासून काढली. एका बिटकॉइनचं नाणं पितळेचं. मागच्या बाजूला होलोग्रामचं गोल स्टिकर, त्याच्याखाली चिमुकला कागद आणि कागदावर खाजगी किल्ली, म्हणजे तो पैसा खर्चायला लागणारा गुप्त संकेत. ती किल्ली ज्याच्या हाती, पैसा त्याचा. स्टिकर सोललं की मधाच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते, म्हणजे कुणी हात घातला ते कळतं. सुरुवातीच्या नाण्यांच्या होलोग्रामवर नावातलं एक अक्षरच गळलंय. आपल्याकडे चुकीच्या छापाच्या नाण्याला जशी जास्त किंमत येते, तशी त्यांनाही येते.

पुण्यात एका नाणेमेळ्यात मी एक हातात घेतलंय. होलोग्रामवर त्याच्या बिटकॉइन पत्त्याची, म्हणजे खातेक्रमांकासारख्या ओळीची, पहिली आठ अक्षरं दिसतात. त्यावरून त्या गृहस्थांनी मोबाइलवर पूर्ण पत्ता शोधला आणि बिटकॉइनच्या सगळ्यांना खुल्या असलेल्या नोंदवहीतला हिशेब दाखवला. एक बिटकॉइन आत आलेलं, बाहेर काहीच गेलेलं नाही. माझ्या अंगावर काटा आला. नाणं माझ्या तळहातावर, आणि त्यातला पैसा अजून आहे की काढून घेतलाय हे जगात कुणालाही घरबसल्या बघता येतं! असं नाणं संग्रहालयात काचेआड ठेवलं, तरी बाहेर उभा असलेला माणूस ते तपासू शकतो. शिवराईच्या बाबतीत हे कधी शक्य होतं का?

नुसत्या स्टिकरवर मात्र भरवसा नको. २०१३ साली अमेरिकेतल्या डेफकॉन या हॅकरांच्या संमेलनात काही जणांनी सुईनं द्रावण सोडून ते अलगद काढून परत चिकटवून दाखवलं होतं. त्याच वर्षी तिथल्या अर्थखात्याच्या फिनसेन या विभागानं, अशी भरलेली नाणी विकणं म्हणजे पैसे पाठवण्याचा धंदा, अशी भूमिका घेतली आणि कॉल्डवेल यांनी नोव्हेंबरात भरलेली नाणी विकणं थांबवलं.

आता आपल्या गावचं. कोल्हापुरात सापडलेली प्राचीन कुर घराण्याच्या राजांची नाणी शिशाची, एका बाजूला धनुष्यबाण. शिशाला काय मोल? मोल छापाला. काही नाण्यांवर पुढच्या राजानं आधीच्याच्या छापावर आपला छाप ठोकलाय आणि त्यावरूनच अभ्यासकांनी कोण आधी, कोण नंतर हे लावलं. त्या नाण्याचा मोठा फोटो बिटकॉइनशेजारी लावा. पाटीवर लिहा: 'बिटकॉइनची शोभेची प्रतिकृती. यात पैसा नाही. खऱ्या कॅसेशियस नाण्यात होलोग्रामखाली किल्ली असते.'

शिवराई_कोल्हापूर
काका, मनापासून आभार. पाटीचा मजकूर जसाच्या तसा घेतेय, आणि दादांसाठी खाली 'गुंतवणुकीचा सल्ला नाही' हेही ठळक लिहीन.

आज वर्गात तुमचं वाचून दाखवलं. त्या पोरीनं पुठ्ठ्याची चकती कापली, बारीक कागदावर काहीतरी लिहून खाली ठेवलं आणि वर चंदेरी कागद डकवला. कडेला आठ अक्षरं लिहिलीत. आत काय आहे ते मलासुद्धा सांगत नाही. प्रदर्शनात तीच चकती मधोमध ठेवणार आहे, ऑनलाइनवालं बाजूला.

पंचगंगा_घाट
दोन चकत्या करायला सांगा. एक सोललेली, एक न सोललेली. मी पहिल्या दिवशी सकाळीच येतो, माझ्याकडची दोन शिशाची नाणी घेऊन.