मदत हवी आहे: "अ = अ + १ हे चूक आहे" असं लिहिणाऱ्या आठवीच्या मुलीला किती मार्क द्यायचे?

खडूची_धूळ
नमस्कार मंडळी. लांब लिहिणार आहे, पण घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा शनिवारी ऑफिसात जमा करायचा आहे आणि एका पेपरवर माझं लाल पेन दोन दिवसांपासून अडकून राहिलंय.

मी नागपुरात मानेवाड्याकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षीपासून आठवीचा संगणकही माझ्याकडे आला कारण आधीचे सर करार संपला म्हणून गेले आणि माझ्या टाईमटेबलात दोन तास रिकामे दिसले. माझं शिक्षण म्हणाल तर फार वर्षांपूर्वीची एमएस-सीआयटी, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मी मागच्या मे महिन्यात घरी कूलरसमोर बसून स्वतःच शिकली, आणि खरं सांगते मला ते फार आवडलं, मुलांनाही आवडावं असं मनापासून वाटते. लॅबमध्ये १४ मशीन, त्यातल्या ९ चालू, सगळ्या विंडोज ७, यूपीएसच्या बॅटऱ्या बसलेल्या त्यामुळे पाऊस आला, लाईट गेली की गेलं सगळं. वर्गात मुलं ५८. म्हणजे एका मशीनवर सहा-सात जण, आणि ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याच्या हातात माऊस, बाकीचे बघे.

मागच्या वर्षीपर्यंत पेपर कसा असायचा तर व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा, पूर्ण रूप लिहा. रॅमचं पूर्ण रूप ज्यानं पाठ केलं त्याला पैकीच्या पैकी, आणि तोच मुलगा मशीनवर बसवला तर फाईल सेव्ह कुठे केली ते त्याला सापडत नाही. हे मला पटेना म्हणून यंदा मी चार मार्कांचा एक वेगळा प्रश्न टाकला: खालील प्रोग्रॅम चालवल्यावर काय छापलं जाईल, कारणासह लिहा. पहिली ओळ अ = ५, दुसरी अ = अ + १, तिसरी प्रिंट अ. नमुना उत्तर अर्थात ६.

आता ही मुलगी. मागच्या बाकावरची, बोलत नाही फारशी, घरी संगणक नाही, फोन एकच तो वडील ड्युटीवर घेऊन जातात. तिनं लिहिलं: "हे चूक आहे. दोन्ही बाजूंतून अ वजा केला तर ० = १ येते. म्हणून काहीच छापणार नाही." आणि खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या, मी गणिताच्या तासाला फळ्यावर मारते तश्शा.

उत्तरसूचीप्रमाणे शून्य. पण समीकरणाच्या दोन्ही बाजूंवर सारखीच क्रिया करायची हे तिला मीच शिकवलंय हो, आणि ५८ जणांत त्या ओळीला अडखळलेली ती एकटी. ३१ मुलांनी ६ लिहिलंय, त्यातल्या पाच जणांना मधल्या सुट्टीत बोलावून विचारलं की सहा कसे, तर तिघं म्हणाले "मॅडम, तसंच असते नं". म्हणजे ज्यांना चार मार्क चाललेत त्यांनी विचार केलेला नाही आणि जिनं केला तिला शून्य.

तर दोन गोष्टी सांगा. एक, हिला किती द्यायचे. दोन, ९ मशीनवर ५८ मुलांना कोणाला किती समजलं हे न्याय्य कसं तपासायचं. नवीन मशीन मागा असं कृपया सांगू नका, अर्ज देऊन झालेत.

बुटीबोरी_लोकल
मॅडम, मी शिक्षक नाही, वीस वर्षं प्रोग्रॅमिंग करून राहिलो. उत्तर चूक ते चूकच, काहीच छापणार नाही हे खरं नाही, ६ छापलं जाते. पण तुम्ही "कारणासह" म्हटलंय. मग चारातले दोन उत्तराचे आणि दोन कारणाचे असं धरा, तिला कारणाचे पूर्ण द्या, आणि हाच नियम त्या ३१ जणांनाही लावा. नुसतं ६ लिहिलं त्याला दोनच. सगळे पेपर पुन्हा बघावे लागतील, पण एकीसाठी वेगळा नियम केला तर बाकीचे पालक विचारतील आणि त्यांचं बरोबर असेल.

जुनी_पाटी
मुलीची चूक नाही, चिन्हाची आहे. = हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श गणितज्ञानं आणलं, सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतकं समान दुसरं काय असणार म्हणून. बरोबर चारशे वर्षांनी, १९५७ ला, फोरट्रान भाषेनं तेच चिन्ह "उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेव" या कामाला लावलं. अल्गोल आणि पास्कलवाल्यांना हा घोळ दिसला म्हणून त्यांनी := ठेवलं, पण सी, जावा, पायथन या सगळ्यांत = च राहिलं. तुमची विद्यार्थिनी रेकॉर्डच्या बाजूनं उभी आहे आणि ती बाजू चूक नाही.

फळ्यावर शिकवताना = ऐवजी डावीकडे जाणारा बाण काढा, अ ← अ + १. मशीनवर टाईप करायच्या दिवशी सांगा की कीबोर्डवर बाण नाही म्हणून = वापरतात. आणि वाचताना "अ बरोबर अ अधिक एक" असं कधीच वाचू नका, "अ मध्ये ठेवा" असं वाचा, तोंडात बसलं की डोक्यात बसते.

अजून एक. बहुतेक जण व्हेरिएबल (प्रोग्रॅममधलं किंमत ठेवायचं नाव, इथे अ) म्हणजे डबा असं शिकवतात. डब्यात पाच लाडू असले आणि सहा टाकले तर अकरा होतात, त्यामुळे मुलांना वाटते की जुनी किंमत पण आतच आहे. डबा सोडा, पाटी घ्या. पाटीवर एका वेळी एकच आकडा, नवीन लिहायचा तर जुना पुसायचा.

लॅबवाली_ताई
ताई, तुमचा दुसरा प्रश्न माझ्या रोजचा आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी सीबीएसई शाळेत नववी-दहावीला आयटी शिकवते, ४०२ कोडचा विषय, त्यात ५० लेखी आणि ५० प्रात्यक्षिक, त्यामुळे मशीनवर काय केलं याला वजन आहेच. पण मशीन आमच्याकडेही कमी.

मी वर्गाचे दोन भाग करते. अर्धे मशीनवर आणि अर्धे जमिनीवर सतरंजीवर, मधल्या वेळी अदलाबदल. सतरंजीवाल्यांना पाकिटं देते (लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं जमवून ठेवलीत, शंभरेक असतील). प्रत्येक पाकिटात एक प्रोग्रॅम, ओळी सुट्या कापलेल्या, शिवाय एक-दोन खोट्या ओळी. मुलांनी त्या क्रमानं लावायच्या, आणि लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या) आतली ओळ असेल तर पट्टी उजवीकडे सरकवून ठेवायची. ही पद्धत २००६ मध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी मांडली, पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. टायपिंग येत नाही म्हणून मागे पडणारं मूल इथे मागे पडत नाही, आणि घरच्या लॅपटॉपचा पण काही फायदा नाही.

चूक कुठे झाली हेही पट्टीवरून लगेच दिसते. समजा १ ते ५ ची बेरीज करायची आहे. "बेरीज = ०" ही पट्टी मुलानं लूपच्या बाहेर वर ठेवली तर १५ येतात. लूपच्या आत ठेवली तर दर फेरीला बेरीज पुन्हा शून्य होते आणि शेवटी ५ च उरतात. मी विचारते की तुझं उत्तर किती येईल, आणि जो "पाचच येतील, थांबा मॅडम" म्हणून पट्टी स्वतः उचलून वर नेतो त्याला मी पूर्ण मार्क देते. आधी चुकला म्हणून कापत नाही.

मशीनवाल्यांना नियम एकच: चालवायच्या आधी वहीत लिहायचं की काय छापेल. पेनानं. मग चालवायचं. भाकीत चुकलं तरी मार्क जात नाहीत, पण का चुकलं ते खाली एका ओळीत लिहिलं नाही तर जातात. यात घाई करणारा लॅपटॉपवाला पण थांबतो आणि बाकीच्या पाच जणांना बोलायला जागा मिळते.

आणि तोंडी. प्रत्येकाला ९० सेकंद, त्याच्याच प्रोग्रॅममधली एक ओळ मी बदलते आणि विचारते आता काय होईल. हिशोब करून बघा, ५८ मुलांची ८७ मिनिटं होतात, ३५ मिनिटांची तासिका धरली तर अडीच तासिका. एका दिवशी करायची गरज नाही, रोज सहा-सात जण घ्या, पंधरवड्यात होते. ज्यानं दुसऱ्याचं उतरवलंय तो इथे लगेच कळतो, ओरडावं लागत नाही.

तुमच्याकडे आठवीला आकारिक मूल्यमापन (वर्षभर चालणारं, फक्त पेपरवर नसलेलं) आहेच नं? त्याच्या आठ साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम सगळं येते, वरचं सगळं त्यात बसते, वेगळी परवानगी काढायची गरज पडू नये.

बुटीबोरी_लोकल
विंडोज ७ वर पायथन ३.९ आणि पुढचं बसत नाही, ३.८ शेवटचं, हे लक्षात ठेवा नाहीतर दिवसभर एरर बघत बसाल. थॉनी नावाचा फुकट एडिटर घ्या, एस्टोनियाच्या तार्तू विद्यापीठात तयार झालाय, त्याची ३.८ वाली ३२-बिटची फाईल विंडोज ७ वर चालते आणि पायथन आतच असते, वेगळं टाकावं लागत नाही. पेन ड्राईव्हनं नऊही मशीनवर टाकता येईल. त्यात एक-एक ओळ चालवून बघता येते आणि बाजूला व्हेरिएबलची किंमत बदलताना दिसते. तुमच्या त्या मुलीला हे दाखवाच.

सतरंजीपुरा
बेब्रासचे प्रश्न पण बघा. २००४ ला लिथुआनियात सुरू झालेली स्पर्धा, आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या सीएसपाठशाला या शाळांसाठीच्या उपक्रमातर्फे होते. प्रश्न तर्काचे असतात, प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी सोडवता येतात, लेखी पेपरात तसे दोन टाकले तर पूर्ण रूपांची घोकंपट्टी आपोआप कमी होते.

आणि शिकवण्यासाठी म्हणाल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल नावाचे व्हिडिओ धडे मराठी आवाजात आहेत, आधी घरी बघून घेतले की वर्गात सोपं जाते.

खडूची_धूळ
सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहून राहिली कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मार्कांचं बुटीबोरीवाल्या दादांनी सांगितलं तसंच केलं. ५८ पेपर पुन्हा काढले, उत्तराला दोन कारणाला दोन. तिला दोन मिळाले. नुसतं ६ लिहिणाऱ्या २३ जणांचे दोन-दोन कमी झाले, त्यातले दोघं जण तावातावानं आले, त्यांना म्हटलं आत्ता सांगा कारण, आत्ता देते. एकानं सांगितलं, त्याला दिले. दुसरा सोमवारी येतो म्हणाला.

मग पाट्या. इतवारीतून डझनभर आणल्या, प्राथमिकच्या बाईंकडून ओल्या फडक्यांचे तुकडे घेतले. पाटीच्या लाकडी चौकटीवर खडूनं अ लिहिला. एका मुलाला फळ्यावरच्या ओळी वाचायला लावल्या, आणि तिला पाटी दिली. "अ मध्ये पाच ठेवा." तिनं ५ लिहिलं. "अ मध्ये अ अधिक एक ठेवा." ती थांबली. पाटीकडे बघितलं, ओठ हलले, पुसलं, आणि ६ लिहिलं. मग माझ्याकडे न बघता, पाटीकडेच बघत विचारते, "मॅडम, पण मग पाच कुठे गेला?"

म्हटलं गेला, पुसला तू.

"आणि परत पाहिजे असला तर?"

मी काहीच बोलली नाही. शेजारचा पोट्टा म्हणाला परत नाही येत. ती बराच वेळ फडकं हातात धरून होती आणि मग म्हणाली, "मग पुसायच्या आधी दुसऱ्या पाटीवर उतरवून ठेवावा लागेल." हा धडा मी पुढच्या महिन्यात घेणार होती. दोन व्हेरिएबलच्या किमती एकमेकांत बदलायला तिसरा का लागतो, तो. निरीक्षणाच्या नोंदवहीत तिचं वाक्य तारखेसह जसंच्या तसं लिहून ठेवलंय, आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण म्हणून ते धरणार आहे.

तोंडी रोज सहा जण चालू केलीय, १९ झाले. थॉनी सात मशीनवर चढलं, दोनची हार्ड डिस्क आवाज करते, त्या बंद ठेवून तिथली मुलं सतरंजीच्या कामाला घेतली.

आता एकच विचारायचंय. मंगळवारी दोन किमतींच्या अदलाबदलीच्या प्रोग्रॅमची पाकिटं करायची आहेत. लॅबवाली ताई, खोट्या ओळी कोणत्या टाकू?

लॅबवाली_ताई
वाचून फार बरं वाटलं ताई. खऱ्या तीन: क ← अ, अ ← ब, ब ← क. खोट्या दोनच टाका, ब ← अ आणि अ ← क, जास्त टाकल्या की मुलं अंदाजे लावत बसतात. प्रत्येक पाकिटासोबत तीन पाट्या द्या म्हणजे लावलेला क्रम स्वतःच चालवून बघतील. आणि पाकिटावर नाव नको, हजेरी क्रमांक लिहायला सांगा.