मदत हवी आहे : चारशे रुपयांच्या अंगठीतला ओपल खरा का? (रात्रभर भिजवून बसलेय)

नमस्कार. खड्यांतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगते.

मागच्या महिन्यात माहेरी परभणीला गेले होते. तिथं बाजारात एक जण पोतं अंथरून जुन्या वस्तू विकतो. अडकित्ते, पितळी डबे, बंद पडलेली घड्याळं, आणि एका वाटीत अंगठ्या. त्यातली एक उचलली. करंगळीच्या नखाएवढा लांबट गोल खडा, हलवला की आत हिरवे-निळे ठिपके पेटतात आणि एका कोपऱ्यात केशरी ठिणगी. "ताई, निजामाच्या टायमाची हाय," म्हणाला. आपल्याकडच्या जुन्या बाजारात सगळंच निजामाच्या टायमाचं असतं, म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही. सहाशे सांगितले, चारशेला दिली. आतून चांदीचा ९२५ चा ठसा आहे.

चांदी काळवंडली होती. आजेसासूबाई म्हणाल्या, "रिठ्याच्या पाण्यात टाक की रातभर. माझे तोडे तसेच धुतेत." टाकली. सकाळी चांदी लख्ख, पण खड्याच्या कडेला चहुबाजूंनी पांढुरकं धुकं आलं होतं. चार दिवस झाले, जात नाही. मधला भाग पहिल्यासारखाच चमकतो.

आता आजेसासूबाईंचा निकाल लागलाय : "काच होती, रंग उतरला." नणंद म्हणते खरा ओपल पाणी पितो, व्हिडिओत दाखवतात, म्हणजे हा खराच. एकाच धुक्यावर दोघींचे दोन निकाल.

खड्याची पाठ चांदीनं पूर्ण बंद आहे. ओठाला लावला तर गार लागतो. भाचा सुई तापवून टोचायला निघाला होता, त्याचा हात धरला. सराफ्यात एका दुकानात दाखवली, त्यांनी सरळ काट्यावर टाकून चांदीचा भाव सांगितला. खड्याबद्दल "उपरत्न असेल" एवढंच.

विकायची नाही. पण आपण नेमकं काय घेतलंय ते कळावं असं वाटतं. घरच्या घरी ओळखता येईल का? आणि भिजवून मी वाट लावली का?

शुक्रतारा
ओपल शुक्राचा खडा, हिरा परवडत नाही ते हा घालतात. दुसऱ्याची उतरलेली अंगठी मात्र घालू नये. गोमूत्रात ठेवून मग वापरा.

धागाकर्ती
काका, रिठ्यानं एवढं केलंय. आता अजून कशात बुडवायची हिंमत नाही.

हिमरू
ताई, मी जयपूरला ओपल घासायच्या कारखान्यात चार वर्षं काढलीत, आता संभाजीनगरात असतो. फोटो नाही तरी त्या धुक्यानं बरंच सांगितलंय.

तुमच्या नणंदबाई म्हणतात ते खोटं नाही, पण ते एका जातीपुरतं. इथिओपियात वोलो भागात २००८ च्या सुमारास ओपलचा मोठा साठा मिळाला. जयपुरात आता तोच माल भरपूर येतो. तो पाणी पितो, पिताना काचेसारखा पारदर्शक होतो, रंग फिके पडतात, आणि काही दिवसांत वाळला की बहुतेक वेळा परत पहिल्यासारखा. पण पाणी पिणारा दगड सगळा पितो. फक्त कडेला रिंगण आणि मध्ये कोरडं, असं सहसा होत नाही. ऑस्ट्रेलियाचा ओपल तर एका रात्रीच्या पाण्यानं बिघडत नाही.

कडेनं धुकं म्हणजे मला डिंकाचा वास येतोय. खड्याचे थर चिकटवलेले असावेत. खाली काळी पाठ, मध्ये कागदासारखा पातळ ओपल, वर काचेचा किंवा स्फटिकाचा घुमट. याला ट्रिपलेट म्हणतात. वरचा घुमट नसला तर डबलेट. पाणी कडेनं थरांत शिरलं की डिंक पांढरा पडतो. पाठ बंद असलेलं कोंदणही म्हणूनच, बाजूचा जोड झाकायला. प्रत्येक बंद कोंदणात लबाडी असते असं नाही, पण मी तरी तिथं आधी बघतो.

हे करा. खडा डोळ्याच्या समोर आडवा धरा, वरून नाही, बाजूनं. रंग सगळा तळाशी बसलेला आणि वर स्वच्छ पारदर्शक टोपी दिसली, तर ट्रिपलेट. कोंदणाच्या काठाशी जोडाची रेघ दिसली तर ती सरळ आहे का बघा. निसर्गातल्या काळ्या ओपलच्या पाठीलाही थर असतो, पण त्याची रेघ वाकडीतिकडी जाते. दहापटीचं भिंग कुठल्याही घड्याळजीकडे मिळेल.

तेरणाकाठ
अख्खा खडाच कारखान्यात बनवलेला नसेल कशावरून? तसलेही ओपल येतात म्हणे.

हिमरू
येतात. ओपल म्हणजे सिलिका (वाळूत असतं ते द्रव्य) आणि पाणी, सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ओळीनं रचले गेले की प्रकाश फुटून रंग खेळतात. ही रचना कळल्यावर कृत्रिम रत्नं बनवणाऱ्या पिएर गिल्सननं १९७४ मध्ये तसा ओपल बनवून बाजारात आणला. भिंगाखाली त्याच्या रंगाचे तुकडे सरड्याच्या कातडीसारखे खवल्याखवल्यांचे दिसतात, आणि बाजूनं बघितलं तर रंगाचे उभे खांब. खऱ्यातले ठिपके असे शिस्तीत नसतात. ताईंचा एका कोपऱ्यातच केशरी आहे म्हणतात, म्हणून तो संशय कमी.

ओपलाइट नावाची काच वेगळीच. ती दुधी असते, काळ्यावर ठेवली की निळसर, उजेडासमोर धरली की नारिंगी. ठिपके नसतात. ती यात बसत नाही. प्लॅस्टिक ओठाला गार लागत नाही, तेही बाद. आणि भाच्याला शाबासकी देऊ नका, तापलेली सुई खऱ्या ओपललाही तडा देते.

तेरणाकाठ
अजिंठ्याच्या पायथ्याशी गारगोट्या विकतात त्यात मिळतो का हा? आपल्या काळ्या दगडात ओपल असतो असं ऐकलंय.

हिमरू
बसाल्टच्या पोकळ्यांत ओपल मिळतो, पण तो साधा, दुधी, रंग न खेळणारा.

धागाकर्ती
बघितलं. शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पहिलं वाक्य, "वर काच हाय बाई." मग मला दाखवलं. वर खरंच स्वच्छ टोपी आहे, रंग सगळा खाली चटईसारखा अंथरलेला. कोंदण एका जागी थोडं उचललं गेलंय, तिथं सुईनं ओढल्यासारखी सरळ रेघ, आणि धुकं बरोबर त्या रेघेपासून आत गेलंय. खवले दिसले नाहीत. ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे.

म्हणजे ट्रिपलेटच ना? मग आजेसासूबाईही बरोबर आणि नणंदही. धुकं निघेल का?

हिमरू
ट्रिपलेटच. आतला पापुद्रा खरा ओपल दिसतोय. खात्री प्रयोगशाळाच देईल, पण तिथली फी तुमच्या चारशेपेक्षा जास्त होईल, मी तरी पाठवणार नाही. किंमत म्हणाल तर चारशेत चांदीसकट ठीक घेतलीत, फसला नाहीत.

धुकं घरी निघणार नाही. वाळवायला उन्हात मात्र ठेवू नका, उन्हाच्या तापानं डिंक आणखी सुटेल. अजून आत सरकू नये म्हणून पाण्यापासून लांब ठेवा. भांडी, कपडे, आंघोळ, सगळ्याला काढून ठेवायची. चांदी कोरड्या मऊ कापडानं पुसा.

धागाकर्ती
आभार दादा. आजेसासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी अंगठी मागून घेतली, खिडकीशी नेऊन बराच वेळ फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "पापुद्रा तर पापुद्रा, माझ्या तोड्यात तेवढा पन नाही." रिठ्याचा डबा तेवढा फडताळात वर ठेवलाय.