तुती आणि इतर बेरीझुडपांच्या पानांवरील ठिपके : आपले अनुभव लिहा

पावसाळ्यात तुतीच्या पानांवर तपकिरी ठिपके आले की बहुतेक जण थेट फवारणीचे औषध आणतात. ठिपके कशाचे आहेत हे आपण कसे ओळखले आणि नंतर कशाने फरक पडला, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. ब्लूबेरी, करंट (थंड प्रदेशातील आंबट बेरीचे झुडूप) यांचे अनुभवही हवे आहेत. सुरुवात मीच करतो.

पुणे : गच्चीवरील पिंपात तुती आहे. जुलैत खालच्या जून पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी डाग उमटतात, ते वाढून एकमेकांत मिसळतात आणि शेवटी मधला भाग वाळून गळाल्यामुळे पानाला भोके पडतात. ही भोके अळीने खाल्ल्यासारखी दिसत असली तरी त्यांच्या कडेला तपकिरी किनार असते. पान उलटून पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मागे पिठासारखा पांढरा थर असेल तर ती भुरी, बोटाला तांबूस भुकटी लागली तर तांबेरा, आणि हे दोन्ही रोग बहुधा थंडीत येतात. पावसाळी ठिपके बहुतेक वेळा बुरशीचे, तर कधी जिवाणूंचे असल्याने त्यांच्यावर कीटकनाशक मारून काहीही साधत नाही. मी गर्दी करणाऱ्या फांद्या छाटतो, पाणी सकाळी बुंध्याशी देतो आणि रोगट पाने कंपोस्टमध्ये टाकत नाही.

सातारा : आमच्याकडे रेशीमकिड्यांसाठी तुती आहे, त्यामुळे बुरशीनाशक मारल्यावर ठरावीक दिवस उलटल्याशिवाय पाला तोडतच नाही. घरी फळांसाठी तुती लावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे, कारण तुतीला सोलून टाकण्याजोगी साल नसते.

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना : येथे ब्लूबेरीवर सेप्टोरिया बुरशीचे बारीक ठिपके येतात; मध्य फिकट, कडा जांभळट तपकिरी, आणि सुरुवात जमिनीलगतच्या पानांपासून. फळे तर उन्हाळ्यातच काढून झालेली असतात, मग पाने गळाली म्हणून काय बिघडले, असे वाटू शकते. परंतु पुढील वर्षीच्या फुलांच्या कळ्या शरद ऋतूत धरतात आणि पाने अकाली गळाल्यास त्या कमी येतात. म्हणून फळे संपताच छाटणी करते आणि मुळाशी पाइनच्या सालीचा थर घालते, म्हणजे मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. मात्र शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर तो रोग नसून बहुधा लोहाची कमतरता असते आणि अशा वेळी आधी मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) तपासावा. ब्लूबेरीला तो साधारण ४.५ ते ५ लागतो. शंका राहिलीच तर रॅले शहरातील राज्य विद्यापीठाच्या वनस्पतिरोग चिकित्सालयात नमुना पाठवता येतो. पुण्याच्या दादांप्रमाणे पान उलटून पाहण्याची सवय मलाही उपयोगी पडली.

लेस्टर, इंग्लंड : ब्लॅककरंटवरील ठिपक्यांची बुरशी गळालेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतात पुन्हा वर चढते. त्यामुळे आम्ही शरदात झुडपाखालचा पाचोळा पूर्ण गोळा करतो. दुसरे फारसे काही करावे लागत नाही.

रत्नागिरी : कोकणातील पावसात पाने कोरडी ठेवा हा सल्ला पाळणार कसा? आम्ही ठिपके थांबवण्याच्या मागे लागत नाही. दसऱ्यानंतर कडक छाटणी करून सगळा रोगट पाला काढून टाकतो. तुती छाटणी उत्तम सोसते, नवी पालवी कोरड्या हवेत फुटते आणि त्याच नव्या फुटव्यांवर फळे धरतात.