गेन-लॉस असलेल्या थरांमध्ये झाक फेज स्थिर का येत नाही?

ऐरोली_थर
रविवारी वाशीच्या अभ्यासगटात हे मांडायचंय. ६३३ नॅनोमीटर (नॅमी) तरंगलांबीसाठी आलटून-पालटून क्वार्टर-वेव्ह थर (पदार्थातल्या तरंगलांबीच्या पाव जाडीचे): टायटॅनिया, अपवर्तनांक २.३, जाडी ६८.८ नॅमी, सिलिका १.४६, जाडी १०८.४. डावीकडे टायटॅनियाच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरलेले १२ सेल (पुन्हा पुन्हा येणारा थरांचा एकक), उजवीकडे सिलिकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत १२. गेन-लॉस शून्य असतानाच सांध्याचं ट्रान्समिशन शिखर ६३३ ऐवजी ६५४ ला येतं. पीटी (पॅरिटी-टाइम) सममितीसाठी अपवर्तनांकाला इमॅजिनरी भाग दिला, टायटॅनियाला +०.०५ (लॉस, प्रकाश शोषणारा) आणि सिलिकाला −०.०५ (गेन, प्रकाश वाढवणारा), तर पहिल्या बँडचा (प्रकाश जाऊ देणाऱ्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याचा) झाक फेज, म्हणजे वेव्ह-व्हेक्टर ‘के’ची पूर्ण फेरी घेताना मोडमध्ये साठणारा कोन, ‘के’च्या १०० बिंदूंवर एक, २०० वर भलताच. कोडमध्ये कुठे बघू?

नेरूळ_फोटॉन
६५४ बरोबर आहे, त्याला हात लावू नका. दोन बाजूंचे झाक फेज वेगळे म्हणजे गॅपमध्ये (दोन बँडांमधल्या, प्रकाश अडवणाऱ्या पट्ट्यात) सांध्याची अवस्था असणार, एवढीच हमी. ती मधोमध बसेल असं नाही. सांध्यावर दोन्ही बाजूंचं चुंबकीय आणि विद्युत फील्डचं गुणोत्तर, म्हणजे सरफेस अ‍ॅडमिटन्स जुळवली की थराच्या निम्म्या फेजच्या टॅनचा वर्ग = २ × २.३ × १.४६ ÷ (२.३² + १.४६²) = ०.९०५. थराची फेज ९०° ऐवजी ८७.१°, म्हणजे ६५४. तुमचा गॅप ५५४ ते ७३९.

झाकची गडबड सूत्रात आहे. नेहमीच्या कोडमध्ये शेजारच्या बिंदूंवरचे मोड गुणताना एकाचा काँज्युगेट घेतात. इथे पर्मिटिव्हिटी (अपवर्तनांकाचा वर्ग) काँप्लेक्स आहे, त्यामुळे मोडचा स्वतःशी गुणाकारही रिअल राहत नाही; दर पावलाला थोडा कोन चिकटतो आणि बिंदू वाढले की साठत जातो. काँज्युगेटच्या जागी ‘−के’चा मोड ठेवा, पर्मिटिव्हिटी तशीच. ‘के’ आणि ‘−के’चा गुणाकार आधी १ वर नॉर्मलाइज करा. सेलची आरसा-सममिती शाबूत आहे, त्यामुळे उत्तर ० किंवा π येईल.

कळवा_लेझर
पण ही पीटी सममिती नव्हे. गेन-लॉस समसमान असून भागत नाही; सेलच्या मध्याभोवती उलटवल्यावर रिअल भाग तोच आणि इमॅजिनरी भागाचं चिन्ह उलट यायला हवं. म्हणजे अर्धी सिलिका गेनची, मधे साधा टायटॅनिया, उरलेली अर्धी सिलिका लॉसची. तुमच्या रचनेत गॅपखालच्या बँडचं फील्ड टायटॅनियात एकवटतं, म्हणून तो विझतो आणि वरचा वाढतो.

पडताळा असा: एकाच क्रिस्टलचे १२ पीटी सेल, दोन्हीकडे हवा. ट्रान्समिशन आणि १ मधला फरक हा दोन बाजूंच्या रिफ्लेक्शनच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका यायलाच हवा. सांध्यासकट रचनेवर हा लावू नका, ती अख्खी पीटी नाही. चिन्हाची पद्धतही बघा; इंजिनिअरिंगच्या ‘जे’ पद्धतीत लॉस ऋण असतो.

आणि ०.०५ फार झाला: ४π × ०.०५ ÷ ६३३ नॅमी म्हणजे सेंटिमीटरला ९,९०० गेन. ०.००१ पासून सुरू करा, तेच जवळपास २०० होतात.

ऐरोली_थर
‘−के’ने पहिला बँड जागेवर आला, आभार. आता पीटी सेल घेतलाय. दुसरा-तिसरा मात्र अजून भरकटतात.

नेरूळ_फोटॉन
भरकटणारच. क्वार्टर-वेव्हमध्ये दुसरा गॅप मुळातच बंद असतो, दोन्ही बँड चिकटलेले. पीटी सेलमध्ये तिथे किंचित गेन-लॉसनेही सममिती मोडते. एक्सेप्शनल पॉइंटपाशी (जिथे दोन मोड एकच होतात) ‘के’ आणि ‘−के’चा गुणाकार शून्याकडे जातो आणि नॉर्मलायझेशन फुटतं. सिलिका ९५ नॅमी करून गॅप उघडा, फ्रिक्वेन्सी रिअल आहेत ना ते बघा, मगच झाक काढा. शिवाय त्या गॅपची जागा मूळ क्वार्टर-वेव्हमध्ये ३१६ नॅमीच्या आसपास आहे, सिलिका ९५ केली की आणखी खाली, आणि टायटॅनिया ३८७ च्या खाली स्वतःच प्रकाश शोषतो, तिथे नुसता २.३ धरून चालणार नाही. दुसरा गॅप खरंच हवा असेल तर डिझाइन १५५० वर न्या, तो ७७५ च्या आसपास येईल.