अर्धी कादंबरी वाचायला द्यावी का?

हरिपूरकर:
हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यांवर, कादंबरी लिहितोय, नऊ प्रकरणं झालीत. तिघा मित्रांना दिली. तिघांचंही एकच, "भारी झालंय, पुढचं कधी?" यातून मी काय घेऊ? चौथे वाचक पेवावर हमाली केलेले एक मामा. त्यांनी एक पान दुमडून परत दिलं. त्यात माझा नायक पेवाचं तोंड उघडताच आत उतरतो. मामा म्हणाले, "मेला असता की रं! तोंड उघडून वारं खेळू द्यायचं, मग कंदील खाली सोडायचा. इजला तर उतरायचं न्हाई." आता तो काठावर कंदील धरून थांबतो, आणि त्या थांबण्यातच भावाभावांचं जुनं भांडण वर येतं. 2005 च्या महापुरात बरीच पेवं गेली, ती जाणणारी माणसंही कमी होत चालली. अर्धवट असतानाच दाखवा.

कृष्णाकाठ:
अजिबात पटलं नाही. पेवाची माहिती मामांना चहा घेताना विचारता आली असती. मी 2019 च्या पुरावर लिहीत होते. तिसरं प्रकरण आठ जणींना दिलं. एकीला आजी जास्त हवी, दुसरीला ती नकोच, तिसरी म्हणे पूर पहिल्या पानावर आणा. सहा महिने तेच प्रकरण उसवून शिवत बसले. चौथं अजून लिहून झालेलं नाही. कच्च्या लिखाणाला फार हात लागले की ते आपलं राहत नाही.

हरिपूरकर:
ताई, विचारणार कसं? चुकतंय हेच मला ठाऊक नव्हतं. आणि "कसं वाटलं?" विचारलं की प्रत्येकजण आपली कादंबरी सांगतो. मी आता एवढंच विचारतो: वाचता वाचता कुठं थांबलात? कोण कुणाचं हे कुठं कळेनासं झालं? उपाय सुचवू नका म्हणून आधीच सांगतो.

विश्रामबाग:
दोघांनाही एक सुचवतो. आधी स्वतः मोठ्यानं वाचा. संवादात जीभ अडखळते तिथं बहुतेक वेळा पात्र नाही, लेखक बोलत असतो.

कृष्णाकाठ:
हे करून बघेन. आणि एक कबूल करते. आठांपैकी एकीनं "पाणी वाढत होतं" या ओळीशेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर. खरंच, पुरात सांगलीत दुसरं कोण काय विचारतं! 45 फुटांची धोका पातळी इथं लहान पोरालाही पाठ. ती ओळ त्याच रात्री बदलली.

हरिपूरकर:
मग ते प्रकरण तिलाच पुन्हा द्या. बाकी सात जणी राहू द्यात.

कृष्णाकाठ:
देईन, पण माझ्या कादंबरीतलं पाणी उतरल्यावर. तोवर कुणालाच नाही.